मेश वाचली जाते, पण उत्तर चुकतं: मेशर आणि सॉल्व्हरच्या मधले दोष कसे शोधायचे

मेशरमध्ये, म्हणजे वस्तूच्या आकाराचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडणाऱ्या प्रोग्राममध्ये, मेश (त्या तुकड्यांचं जाळं) स्वच्छ दिसते. सॉल्व्हर, म्हणजे त्या मेशवर समीकरणं सोडवणारा प्रोग्राम, त्याच्या नमुना उदाहरणांवर नीट चालतो. दोघांना जोडलं की मात्र गणित बिघडतं. अशा वेळी दोष बहुतेकदा मधल्या थरात असतो. हा थर म्हणजे फाइल वाचणारा कोड, फॉरमॅट बदलणारा कन्व्हर्टर किंवा सॉल्व्हरचा स्वतःचा मेश इंटरफेस. कुठलीही मेश घेता यावी म्हणून हा थर मुद्दाम सर्वसाधारण ठेवलेला असतो. त्याला मेशकडून चारच गोष्टी कळतात: नोडचे (एलिमेंटच्या बिंदूंचे) निर्देशांक, प्रत्येक एलिमेंटमध्ये कोणते नोड कोणत्या क्रमाने येतात, कोणता भाग कोणत्या टॅगचा (मटेरियल किंवा सीमा ओळखणाऱ्या खुणेचा), आणि कोण कोणाचा शेजारी. यातल्या एकाही बाबतीत दोन्ही बाजूंचे संकेत वेगळे असले की फाइल विनातक्रार उघडते आणि उत्तर चुकतं.

लक्षणं

यातली एक किंवा अनेक दिसतात:

- पहिल्याच पायरीला «निगेटिव्ह जॅकोबियन» किंवा «इन्व्हर्टेड एलिमेंट» असा संदेश (जॅकोबियन म्हणजे आदर्श एलिमेंट खऱ्या आकारात नेताना घनफळ किती पट होतं ते; ऋण आला तर एलिमेंट उलटा).
- मॅट्रिक्स सिंग्युलर (एकच ठाम उत्तर न निघणारी), शून्य पिव्हट (सोडवताना शून्याने भागायची वेळ), किंवा इटरेटिव्ह सॉल्व्हरने हजारो फेऱ्या मारूनही चूक खाली न येणं.
- एकसंध असायला हवा तो भाग भार दिल्यावर दुभंगणं, किंवा दोन भागांच्या सांध्यावर विस्थापनात उडी.
- उत्तर दिसायला सुबक, पण 1000 पट किंवा 10,00,000 पट चुकलेलं.
- दाब आत ढकलण्याऐवजी बाहेर ओढतोय, किंवा भलत्याच फेसवर (एलिमेंटच्या पृष्ठावर) लागलाय.
- दोन मटेरियलची अदलाबदल.
- पहिल्या आणि दुसऱ्या घाताचे (एलिमेंटमधल्या बहुपदीचा घात) एलिमेंट चालतात, तिसऱ्याला सगळं विस्कटतं.
- एका प्रोसेसवर उत्तर बरोबर, चार प्रोसेसवर वेगळं.

यापैकी काहीही दिसलं की पहिला मोह सॉल्व्हरची सेटिंग हलवण्याचा होतो: टॉलरन्स सैल करा, प्रीकंडिशनर (फेऱ्या कमी करणारा टप्पा) बदला, एखादा नोड बांधून टाका. हे करू नका. सिंग्युलर मॅट्रिक्स ही तक्रार नव्हे, माहिती आहे. ती दाबली तर पुढच्या तपासण्या आंधळ्या होतात.

पहिली तपासणी: आकडे मोजा

याला खर्च काहीच नाही. मेशरने सांगितलेली नोड आणि एलिमेंटची संख्या सॉल्व्हरने वाचलेल्या संख्येशी प्रकारवार पडताळा: टेट्रा (चतुष्फलक) किती, हेक्सा (षट्फलक) किती, सीमेवरचे त्रिकोण किती. मग मॉडेलच्या चौकटीची लांबी, रुंदी, उंची छापा. चौकट 1000 पट मोठी असेल तर मिलिमीटर आणि मीटरचा घोळ आहे. बहुतेक मेश फाइलमध्ये एकक लिहिलेलंच नसतं, त्यामुळे कोणताही वाचक ते ओळखू शकत नाही. मिलिमीटर, न्यूटन, टन या संचात पोलादाचा यंग मोड्युलस 2,10,000 आणि घनता 7.85 × 10⁻⁹ येते. घनता 7850 टाकून बाकी सगळं मिलिमीटरमध्ये ठेवलं की नैसर्गिक वारंवारता दहा लाख पट कमी येते.

एलिमेंट कमी भरत असतील तर जीमेश हा मेशर वापरणाऱ्यांनी आधी फिजिकल ग्रुप (नाव दिलेले भाग) बघावेत. एक जरी फिजिकल ग्रुप केला असेल तर जीमेश फक्त ग्रुपमध्ये असलेले एलिमेंट फाइलमध्ये लिहितो. सीमेला नाव दिलं आणि घनाला द्यायचं राहिलं, तर सॉल्व्हरला नुसतं कवच मिळतं. «सगळं जतन करा» हा पर्याय लावून पळवाट काढता येते, पण मग नको असलेली भूमितीही सोबत येते. घनालाही ग्रुप देणं हा खरा उपाय.

फाइलच वाचली जात नसेल किंवा टॅग गायब असतील तर फॉरमॅटची आवृत्ती बघा. जीमेश 4 मूळ सेटिंगवर एमएसएच या स्वतःच्या फॉरमॅटची 4.1 आवृत्ती लिहितो, अनेक जुने वाचक 2.2 च ओळखतात. शिवाय 2.2 मध्ये प्रत्येक एलिमेंटपुढे दोन टॅग येतात, पहिला फिजिकल ग्रुपचा आणि दुसरा भूमितीतल्या मूळ भागाचा. घाईत लिहिलेला वाचक दुसरा उचलतो. मटेरियलची अदलाबदल होते ती बरेचदा अशी.

दुसरी तपासणी: अनाथ नोड

कोणत्याच एलिमेंटमध्ये नसलेले नोड शोधा: सगळ्या एलिमेंटमधले नोड क्रमांक एका संचात टाका आणि नोड यादीतून वजा करा. शिल्लक शून्य हवी. वर्तुळकंस काढताना दिलेला केंद्रबिंदू हा नेहमीचा पाहुणा. तो नोड म्हणून फाइलमध्ये शिरतो, त्याला स्टिफनेस (ताठपणा) कुठूनच मिळत नाही, मॅट्रिक्समध्ये पूर्ण शून्य ओळ तयार होते आणि सॉल्व्हर सिंग्युलर म्हणून थांबतो. नोड काढून टाका आणि उरलेल्यांना सलग क्रमांक द्या.

इथेच क्रमांक 0 पासून की 1 पासून हेही बघून घ्या. जीमेश आणि अबॅकस, नॅस्ट्रान हे सॉल्व्हर 1 पासून मोजतात. सी आणि पायथनमधले ॲरे 0 पासून. एकाने सरकलेली मेश चित्रात ओळखू येते, सगळीकडे सुया पसरल्यासारखे लांबुडके एलिमेंट दिसतात. पण क्रमांकांमध्ये खंड असतील, म्हणजे 1, 2, 7, 8 असे, तर नुसतं एक वजा करून भागत नाही. मूळ क्रमांकावरून नवा क्रमांक देणारा तक्ता लागतो. सपाट मेशमध्ये तिसरा निर्देशांक शून्य असूनही फाइलमध्ये असतो. तो न काढल्यास काही सॉल्व्हर तिला त्रिमितीतला पृष्ठभाग समजतात.

तिसरी तपासणी: घनफळ, क्षेत्रफळ आणि चिन्ह

दहा ओळींचा कोड पुरतो, आणि अर्ध्याहून जास्त दोष इथेच उघडे पडतात असा अनुभव आहे. टेट्राचे कोपरे अ, ब, क, ड असतील तर (ब−अ) चा, (क−अ) आणि (ड−अ) यांच्या सदिश गुणाकाराशी अदिश गुणाकार करून 6 ने भागा. येणारं चिन्ह जपून ठेवा, निरपेक्ष मूल्य घेऊ नका. बेरीज कॅडमधल्या घनफळाशी ताडून बघा. बहिर्वक्र पृष्ठभागावर सरळ कडांचे एलिमेंट असतील तर थोडं कमी येणारच; मेश बारीक केल्यावर ही तूट घटली पाहिजे.

ऋण चिन्हं किती आहेत यापेक्षा ती कुठे आहेत हे महत्त्वाचं:

- सगळीच ऋण: नोडक्रमाचा संकेत उलटा, किंवा मेश एखाद्या अक्षात आरशासारखी उलटवलेली.
- बरोबर अर्धी ऋण, एका बाजूला: सममितीने केलेली प्रत. आरशातल्या प्रतीत नोडक्रमही उलटावा लागतो.
- एकाच प्रकारचे सगळे ऋण, उदाहरणार्थ फक्त प्रिझम: त्या प्रकाराचा क्रमतक्ता चुकलाय.
- विखुरलेले मोजके ऋण: इंटरफेस निर्दोष आहे, मेशच खराब. मेशरकडे परत जा.

शेवटचा प्रकार सोडला तर मेश पुन्हा काढण्यात वेळ घालवू नका. तीच चूक नव्या मेशमध्येही येईल.

क्षेत्रफळाचंही असंच. प्रत्येक सीमा टॅगचं क्षेत्रफळ वेगवेगळं छापा आणि कॅडशी जुळवा. मग सगळ्या बाह्य फेसचे क्षेत्र-सदिश मिळवा; बंद पृष्ठभागाची ही बेरीज शून्य येते. नाही आली तर एकतर फेस राहिलेत किंवा काहींचे नॉर्मल आत वळलेत. दाब उलटा लागतो तो याच कारणाने. दोन मटेरियलमधल्या आतल्या पृष्ठभागावर टॅग लावलेला असेल तर आणखी एक फसवणूक होते: तो प्रत्येक फेस दोन एलिमेंटचा असतो, म्हणून काही सॉल्व्हर त्यावरचा भार दोनदा मोजतात, काही मोजतच नाहीत. प्रतिक्रियांची बेरीज दिलेल्या भाराच्या दुप्पट आली की पहिला संशय इथे घ्यावा.

चौथी: नोडक्रम

इथे जरा थांबायला हवं, कारण सर्वसाधारण इंटरफेसची खरी गोम हीच.

चौकोनाचे कोपरे व्हीटीके (चित्रण लायब्ररी), जीमेश आणि अबॅकसमध्ये कडेकडेने फिरून मोजतात. ड्यून आणि डील-टू या लायब्ररींमध्ये ते ओळीओळीने जातात: खालचे दोन डावीकडून उजवीकडे, मग वरचे दोन डावीकडून उजवीकडे. म्हणजे तिसरा आणि चौथा कोपरा अदलाबदल होतात; हेक्सामध्ये याशिवाय सातवा आणि आठवाही. ही अदलाबदल राहिली की चौकोनाचा डमरू होतो. चौरसाच्या बाबतीत कोपऱ्यांच्या सूत्राने क्षेत्रफळ नेमकं शून्य येतं, आणि जॅकोबियन एलिमेंटच्या एका भागात धन, दुसऱ्यात ऋण. व्हीटीकेतल्या व्हॉक्सेल आणि हेक्सा या दोन प्रकारांतही हाच फरक आहे. दोन्ही आठ नोडचे असल्याने नुसत्या संख्येवरून कळत नाही.

दुसऱ्या घाताच्या एलिमेंटमध्ये तर कोपरे बरोबर असूनही मधले नोड चुकतात. दहा नोडच्या टेट्रात जीमेश आणि व्हीटीके यांच्यात फक्त शेवटचे दोन नोड उलटसुलट आहेत. अबॅकस व्हीटीकेसारखाच आहे. वीस नोडच्या हेक्सात अबॅकस खालच्या कडा, वरच्या कडा, उभ्या कडा असं जातो. नॅस्ट्रान खालच्या, उभ्या, मग वरच्या. जीमेशचा क्रम या सगळ्यांहून निराळा. कन्व्हर्टर हे बहुधा सांभाळतात, पण हाताने लिहिलेला वाचक हमखास इथे अडकतो.

पडताळणी सोपी आहे. तक्त्यानुसार जो नोड ज्या कडेचा मधला, तो त्या कडेच्या मध्यबिंदूपासून किती दूर आहे ते मोजा आणि कडेच्या लांबीने भागा. सरळ कडेला शून्य, वक्र कडेला थोडंसं. 0.5 च्या आसपास आकडे दिसले तर तक्ता चुकलाय. 0.25 हीसुद्धा एक मर्यादा आहे: मधला नोड कडेवरूनच सरकून पाव लांबीवर पोचला की त्या टोकाला जॅकोबियन शून्य होतो. तडा असलेल्या गणितात हे मुद्दाम करतात, एरवी तो दोष.

फेसचे स्थानिक क्रमांक हा याच रोगाचा दुसरा अवतार. अबॅकसमध्ये टेट्राचा पहिला फेस 1-2-3 नोडचा, म्हणजे चौथ्या नोडसमोरचा. काही लायब्ररींमध्ये फेसचा क्रमांक समोरच्या नोडवरून ठरतो. «एलिमेंट 512, फेस 1» अशी सीमा-माहिती एका बाजूकडून दुसरीकडे गेली की भार भलत्या फेसवर बसतो. म्हणून सीमा नेहमी नोडच्या यादीने द्या, फेसच्या स्थानिक क्रमांकाने नव्हे.

हे सगळं एका एलिमेंटवर तपासावं. 1 × 2 × 3 मापाचा एकच हेक्सा घ्या. घन घेऊ नका, अक्षांची अदलाबदल घनात लपते. घनफळ 6, पृष्ठफळ 22. यंग मोड्युलस 1, पॉइसन गुणोत्तर 0.3, तीन लगतच्या फेसवर सममितीची अट, आणि लांब दिशेने 1 इतका ताण. लांबी 3 ने वाढली पाहिजे, बाकी दोन बाजू 0.3 आणि 0.6 ने आक्रसल्या पाहिजेत. वापरणार त्या प्रत्येक एलिमेंट प्रकारासाठी अशी एक छोटी फाइल कायमची जपून ठेवा आणि लायब्ररी अद्ययावत केली की पुन्हा चालवा.

पाचवी: मेश खरंच जोडलेली आहे का

प्रत्येक एलिमेंटचा प्रत्येक फेस काढा, नोडक्रमांक चढत्या क्रमाने लावा आणि तो फेस किती वेळा येतो ते मोजा. आतले फेस दोनदा, बाह्य फेस एकदा. तीनदा आला तर एलिमेंट एकावर एक चढलेत. एकदाच आलेला पण कोणत्याही सीमेवर नसलेला फेस म्हणजे फट: एकतर तिथे दुहेरी नोड आहेत किंवा एका बाजूची मेश बारीक असल्याने लटकते नोड आहेत. लटकते नोड काही इंटरफेस आपणहून सांभाळतात, बाकीच्यांना बंधनाची समीकरणं द्यावी लागतात.

कोड लिहायचा नसेल तर दुसरा मार्ग आहे. सगळ्या अटी काढून वारंवारता मोजा. त्रिमितीत मोकळ्या एकसंध वस्तूला सहा शून्य वारंवारता मिळतात. बारा आल्या तर दोन सुटे तुकडे आहेत. नऊ आल्या तर दोन तुकडे एकाच नोडने जोडलेत, सात आल्या तर एकाच कडेने बिजागरीसारखे. (शून्य म्हणजे पहिल्या खऱ्या वारंवारतेच्या तुलनेत नगण्य; संगणक नेमकं शून्य देत नाही.) त्या शून्य मोडचं ॲनिमेशन बघितलं की फट कुठे आहे तेही दिसतं. सिंग्युलर मॅट्रिक्सच्या संदेशापेक्षा हे कितीतरी बोलकं.

फट का पडते? बहुतेकदा कॅडमधले दोन भाग एकमेकांना टेकलेले असतात, पण त्यांचा फेस सामायिक नसतो. प्रत्येकाची वेगळी मेश होते. ओपनकॅस्केड या भूमितीच्या लायब्ररीवर चालणाऱ्या जीमेशमध्ये बूलियन फ्रॅगमेंट (भाग एकमेकांनी कापणं) करून फेस सामायिक करावा, मग मेश काढावी. मागाहून नोड विलीन करणं हा दुय्यम उपाय आहे, कारण दोन्ही बाजूंचे नोड एकाच जागी असतील याची खात्री नसते.

विलीन करायचंच असेल तर टॉलरन्स दोन मर्यादांमध्ये बसवा: सर्वांत लहान कडेच्या दहाव्या भागाहून कमी, आणि फाइल लिहिताना झालेल्या गोलाईच्या चुकीहून जास्त. ही दुसरी मर्यादा लोक विसरतात. नॅस्ट्रानच्या लहान फॉरमॅटमध्ये एका आकड्याला आठच जागा मिळतात, −12345.678 चं −12345.7 होतं. लांब, सोळा जागांचा फॉरमॅट वापरा. 32 बिट दशांश आकड्यांत 10,000 च्या आसपास दोन लगतच्या मूल्यांमध्ये साधारण 0.001 अंतर असतं, म्हणून मूळबिंदूपासून दूर मांडलेलं मॉडेल आधी मूळबिंदूजवळ आणा. विलीन करताना तडे आणि कॉन्टॅक्टचे पृष्ठभाग वगळायला विसरू नका. तिथले दुहेरी नोड हेतुपूर्वक असतात, आणि एकदा शिवले गेले की गणित कोणतीही तक्रार न करता चुकीचं उत्तर देतं.

सहावी: पॅच टेस्ट आणि अभिसरण

वाकड्यातिकड्या एलिमेंटची छोटी मेश घ्या, सगळ्या बाह्य नोडना एकरेषीय विस्थापन द्या आणि आतल्या नोडना तेच विस्थापन मिळतंय का बघा. ब्रूस आयर्न्स यांची ही पॅच टेस्ट जुनी असली तरी इंटरफेसच्या दोषांना आजही चांगली पकडते. ताण सगळीकडे एकच हवा, फरक यंत्राच्या अचूकतेइतकाच. टाय किंवा मॉर्टारने जोडलेली न जुळणारी मेश असेल तर सांधा पॅचच्या मधोमध ठेवा. नोडवरून फेसवर बांधणारा साधा टाय इथे बरेचदा नापास होतो. तो त्या पद्धतीचा स्वभाव आहे, वाचकातला दोष नव्हे.

पॅच टेस्ट पास होऊनही शंका असेल तर माहीत असलेलं उत्तर गृहीत धरून भार काढा आणि मेश निम्मी करत जा. विस्थापनाची सरासरी-वर्ग चूक पहिल्या घातात दर वेळी सुमारे 4 पट, दुसऱ्यात 8 पट घटली पाहिजे. पहिला आणि दुसरा घात नीट चालून तिसऱ्याला गाडी घसरली तर कारण जवळपास ठरलेलं: दुसऱ्या घातात कडेवर एकच नोड असतो, तिसऱ्यात दोन. शेजारच्या एलिमेंटने तीच कड उलट दिशेने मोजली तर ते दोन नोड उलटतात. कडेची दिशा लहान जागतिक क्रमांकाच्या कोपऱ्याकडून मोठ्याकडे धरावी. कडेवरचे अज्ञात घेणाऱ्या विद्युतचुंबकीय एलिमेंटमध्ये हा दोष पहिल्याच घाताला दिसतो, चिन्ह उलटतं म्हणून.

सातवी: समांतर गणित

तीच मेश 1, 2 आणि 4 प्रोसेसवर चालवा. एकूण घनफळ वाढलं तर घोस्ट एलिमेंट (शेजारच्या प्रोसेसच्या एलिमेंटच्या प्रती) मोजले जाताहेत. एकूण अज्ञातांची संख्या वाढली तर सामायिक नोडना दोन क्रमांक मिळालेत. दोन्ही जुळूनही उत्तर वेगळं असेल तर स्थानिक आणि जागतिक क्रमांकांची गल्लत शोधा, विशेषतः सीमा अटी लावणाऱ्या भागात.

खूप मोठ्या मेशवर 32 बिट पूर्णांकाची 2,14,74,83,647 ही मर्यादा आड येते, आणि ती नोडसंख्येवर नाही तर मॅट्रिक्सच्या अशून्य नोंदींवर आधी येते. आठ नोडच्या हेक्सांत एका ओळीत साधारण 81 नोंदी. म्हणजे सुमारे 2.65 कोटी अज्ञात, किंवा दर नोडला तीन अज्ञात धरून 88 लाख नोड. पेट्सी ही समांतर गणिताची लायब्ररी वापरत असाल तर ती 64 बिट निर्देशांकांसह पुन्हा बांधावी लागते.

कुठे थांबायचं

पाचव्या तपासणीपर्यंत सगळं जुळतंय आणि पॅच टेस्ट नापास होतेय, तर दोष एलिमेंटच्या सूत्रीकरणात किंवा इंटरफेसच्या गाभ्यात आहे. तो बाहेरून ठिगळं लावून जात नाही. सॉल्व्हर सांभाळणाऱ्यांकडे द्या. कडेची दिशा किंवा घोस्ट एलिमेंट यांचा दोष लायब्ररीतच निघाला तर तिथेही स्वतः कोड बदलू नका, पुढची आवृत्ती तो बदल पुसून टाकेल. बंद कोडच्या सॉल्व्हरमध्ये चौथ्या तपासणीनंतर आपल्या हाती फारसं काही नसतं. तिथे वेळ न दवडता त्यांच्या सेवा विभागाला कळवा.

आणि गणित दाबपात्र, पूल, उचलयंत्र, वैद्यकीय उपकरण अशा कुणाच्या जिवाशी संबंधित गोष्टीचं असेल, तर सांध्यावर ताणाची न समजलेली उडी उरली असताना निकाल पुढे देऊ नका. त्या क्षेत्रातल्या पात्र विश्लेषण अभियंत्याकडून स्वतंत्र पडताळणी करून घ्या.

मदत मागताना पूर्ण मॉडेल पाठवू नका. दोष दाखवणारी सर्वांत छोटी मेश, शक्यतो दहा एलिमेंटच्या आतली, मजकूर स्वरूपात पाठवा. सोबत मेशर, कन्व्हर्टर आणि सॉल्व्हर या तिघांच्या आवृत्त्या, फाइल फॉरमॅटची आवृत्ती, अपेक्षित उत्तर आणि मिळालेलं उत्तर द्या. मेश छोटी करताना दोष नाहीसा झाला, तर तो नेमका कोणता तुकडा काढल्यावर गेला तेही लिहा.